दौंड-शिरूरचा प्रदूषणविरोधी लढा : कुरकुंभच्या विहिरींपासून भीमेच्या पात्रापर्यंत

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या मधून भीमा नदी वाहते. दक्षिणेला दौंड, उत्तरेला शिरूर. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील; पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. तरीही खडकवासल्याच्या उजव्या कालव्याने दौंडला आणि चासकमान व घोड प्रकल्पांच्या पाण्याने शिरूरला ऊस दिला, उसामागोमाग साखर कारखाने आले आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या दोन वसाहतींनी या भागाचा चेहराच बदलून टाकला. पुणे-सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यात कुरकुंभ आणि पुणे-अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) महामार्गावर शिरूर तालुक्यात रांजणगाव. कुरकुंभ फिरंगाई देवीमुळे आणि रांजणगाव अष्टविनायकांपैकी महागणपतीमुळे महाराष्ट्राला पूर्वीपासून ठाऊक होते. आता या गावांची नावे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदपत्रांतही वारंवार येतात.

या दोन्ही तालुक्यांत प्रदूषणाविरुद्ध झालेली आंदोलने कोणा एका संघटनेच्या झेंड्याखाली झालेली नाहीत. त्यांना एक नेता नाही, एक नाव नाही. ग्रामसभेचा ठराव, तहसीलदारांना निवेदन, महामार्गावर रास्ता रोको, स्वातंत्र्यदिनी किंवा प्रजासत्ताकदिनी उपोषणाचा इशारा आणि अधिकाऱ्यांच्या लेखी आश्वासनानंतर स्थगिती, असे त्यांचे चक्र वर्षानुवर्षे फिरत राहिले आहे. म्हणूनच बाहेरच्या वाचकाला ही आंदोलने सुटी सुटी वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागील प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

कुरकुंभ : पाणी का नासले?

कुरकुंभ ही प्रामुख्याने रसायने आणि औषधांसाठी लागणारे मूळ घटक बनविणाऱ्या कारखान्यांची वसाहत आहे. सिप्ला, एमक्युअर, अल्काईल अमाईन्स अशी देशभर परिचित नावे येथे आहेत आणि त्यांच्या जोडीला अनेक लहान-मध्यम कारखानेही. कुरकुंभ, पांढरेवाडी, जिरेगाव या परिसरातील ग्रामस्थांच्या तक्रारी दोन : रात्रीच्या वेळी येणारा उग्र वास आणि विहिरी-कूपनलिकांचे पिण्याजोगे न राहिलेले पाणी. वासाची तक्रार सर्वांत जास्त होते, परंतु दीर्घकाळ टिकणारे नुकसान पाण्याचे आहे.

त्याचे कारण समजून घेण्यासाठी थोडे सांडपाण्याच्या शास्त्रात शिरावे लागेल. रसायन कारखान्याच्या सांडपाण्यात ढोबळमानाने दोन प्रकारचे घटक असतात. एक सेंद्रिय, ज्यांचे मोजमाप 'सीओडी' आणि 'बीओडी' या आकड्यांनी होते. आणि दुसरे विरघळलेले क्षार, ज्यांना 'टीडीएस' म्हणतात. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील जिवाणू सेंद्रिय घटक खातात. क्षारांना मात्र ते हात लावू शकत नाहीत. उलट क्षार फार झाले, तर जिवाणूच मरतात आणि केंद्र नावापुरते उरते. नदी-ओढ्यात सोडावयाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम आणि सीओडी २५० मिलिग्रॅम अशी आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल, तर २००० पर्यंतची सवलत आहे. म्हणजे सांडपाणी सीओडीच्या कसोटीला उतरले, तरी ते मुरलेल्या विहिरीचे पाणी खारटच राहू शकते. मंडळाचा अहवाल 'मर्यादेत' आणि गावकऱ्याचा घोट 'मचूळ' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे या वादातले सर्वांत दुर्लक्षित सत्य होय.

क्षार काढण्याचा उपाय म्हणजे पाणी आटविणे. बहुटप्पी बाष्पीभवन यंत्रात सांडपाणी उकळून वाफ वेगळी करतात आणि तळाशी मीठ उरते. त्याला इंधन लागते, इंधनाला पैसा लागतो. पुढे या मिठाचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा राहतोच; त्याचे उत्तर आपल्याला शिरूर तालुक्यात नेते.

कुरकुंभच्या सामुदायिक केंद्राची क्षमता दररोज दहा लाख लिटरची. कारखान्यांच्या सहकारी संस्थेकडे त्याचे व्यवस्थापन राहिले. सहकाराची ही रचना कागदावर उत्तम असली, तरी तिच्यात एक पेच आहे. जो सदस्य जास्त घाण पाठवितो, त्याला अडविण्याची जबाबदारी त्याच्याच सहकाऱ्यांवर येते. केंद्रापर्यंत न येता परस्पर ओढ्यात सोडले जाणारे किंवा टँकरने रात्री कोठेतरी रिते केले जाणारे सांडपाणी, ही ग्रामस्थांची कायमची तक्रार. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला फेस येतो, रंग बदलतो, असे शेतकरी सांगतात. पाऊस चालू असताना सोडलेले पाणी कोणाचे, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते.

त्यात या भूमीची जडणघडण. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी वाळूतून झिरपावे तसे सावकाश पसरत नाही. मुरमाच्या उथळ थरातून आणि खडकाच्या भेगांमधून ते वाट काढते. त्यामुळे एका बांधावरची विहीर नासते आणि शेजारची चांगली राहते. अशा वेळी कारखाना बिनदिक्कत शेजारच्या विहिरीकडे बोट दाखवितो. पाऊस कमी असल्याने भूजलात शिरलेली घाण धुऊन निघण्यास कित्येक वर्षे लागतात. गळती आज थांबली, म्हणून विहीर उद्या सुधारत नाही.

राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाची कथा या संदर्भात सांगण्याजोगी आहे. तेथे एच-ॲसिड बनविणारे कारखाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस थोडाच काळ चालले. तेवढ्यात परिसरातील विहिरींचे पाणी तांबडे झाले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व लावून निकाल दिला. सफाईचा खर्च ३७ कोटींहून अधिक ठरला. वसुलीचे प्रकरण मात्र २०११ पर्यंत न्यायालयातच रेंगाळत होते आणि अखेर चक्रवाढ व्याजासह रक्कम भरण्याचा आदेश द्यावा लागला. विहिरीच्या मालकाच्या आयुष्यातील पंधरा वर्षे म्हणजे काय, हे शेतकऱ्यांना निराळे सांगायला नको.

आगीची रात्र

१४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री कुरकुंभ येथील एका रसायन कारखान्यात भीषण आग लागली. स्फोटांचे आवाज, ज्वाळांनी उजळलेले आकाश आणि वायुगळतीची धास्ती यांमुळे परिसरातील लोकांनी घरे सोडली. महामार्गावरील वाहतूकही थांबवावी लागली. त्या रात्री प्रश्न वास किंवा विहिरीचा राहिला नाही. आत नेमके काय साठविलेले आहे आणि वारा कोणीकडे आहे, एवढेच लोकांना हवे होते.

वस्तुतः ही माहिती मिळणे हा त्यांचा अधिकार आहे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर केंद्राने पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये आणि घातक रसायनांचे उत्पादन, साठवणूक व आयातीचे नियम १९८९ मध्ये केले. त्यानुसार कारखान्याने आवारातील आपत्कालीन आराखडा करावयाचा असतो, आवाराबाहेरचा आराखडा जिल्हा यंत्रणेने करावयाचा असतो आणि अपघाताची झळ पोहोचू शकेल अशा लोकांना धोक्याची व बचावाची माहिती आधीच द्यावयाची असते. भोंगा वाजला तर कोणत्या दिशेने चालायचे, हे शाळेतल्या मुलाला ठाऊक असणे म्हणजे त्या नियमाचे पालन. रंगीत तालमीची छायाचित्रे फायलीला लावणे म्हणजे नव्हे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी याच वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा शेकडो किलोंचा साठा पकडला. प्रदूषणाशी त्याचा थेट संबंध नसला, तरी कारखान्यात काय शिजते यावर नेमकी कोणाची नजर असते, हा ग्रामस्थांचा जुना प्रश्न त्या छाप्याने अधिक टोकदार केला.

रांजणगाव : कचऱ्याचे शेवटचे ठिकाण

रांजणगावची वसाहत वेगळ्या प्रकृतीची. मोटारी, घरगुती विजेची उपकरणे, अन्नप्रक्रिया असे मोठे कारखाने तेथे असल्याने कुरकुंभसारखा रसायनांचा दर्प तिच्या वाट्याला तुलनेने कमी आला. मात्र राज्यातील घातक औद्योगिक कचऱ्यासाठी जी मोजकी सामुदायिक केंद्रे उभारली गेली, त्यांत तळोजा, महापे आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीबरोबर रांजणगावही आहे. पुणे परिसरातील कारखान्यांचा गाळ, रंगाचे अवशेष, मुदत संपलेली रसायने आणि बाष्पीभवनातून उरलेले ते मीठ अशा केंद्राकडेच जावयाचे असते. दौंडचे पाणी स्वच्छ करण्याची किंमत काही अंशी शिरूरच्या जमिनीने मोजावयाची, असा हा हिशेब आहे.

अशा केंद्रात जाळण्याजोगा कचरा भट्टीत सुमारे ११०० अंश सेल्सिअसला जाळतात आणि उरलेला प्लॅस्टिकच्या जाड अस्तरांच्या व चिकणमातीच्या थरांच्या खड्ड्यात पुरतात. अस्तराखाली झिरपणारे द्रव गोळा करण्याची सोय असते. भट्टीचे तापमान घसरले, तर धुरातून डायॉक्सिनसारखी विषे बाहेर पडू शकतात. अस्तर फाटले, तर ते कोणाला दिसत नाही. निमगाव भोगी आणि लगतच्या गावांतील शेतकऱ्यांनी विहिरींच्या पाण्याबद्दल वारंवार तक्रारी केल्या त्या याच भीतीतून. असे केंद्र कोठेतरी हवेच, हे मान्य करावे लागते, कारण ते नसेल तर कचरा नाल्यात जातो. पण मग केंद्राभोवतीच्या निरीक्षण-विहिरींचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्यात अडचण कोणती, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

शिरूर तालुक्यातच सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर या पट्ट्यात महामंडळाच्या वसाहतीबाहेर, खासगी बिगरशेती जमिनींवर कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. तेथे सामुदायिक प्रक्रिया केंद्राची रचनाच नाही. प्रत्येकाने आपले आपण बघावयाचे आणि उताराला भीमा आहेच.

पुण्याचे मैलापाणी

भीमेचे दुखणे केवळ कारखान्यांचे नाही, हे स्पष्ट नोंदविले पाहिजे. तुळापूरला इंद्रायणी आणि रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवड आणि पुणे या दोन महानगरांचे मैलापाणी या दोन वाटांनी येते आणि पुढे उजनीच्या जलाशयात साठते, ज्यातून सोलापूर शहर पाणी पिते. उन्हाळ्यात दौंडच्या नदीकाठी जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तो या मैल्यातील नत्र आणि स्फुरदावर पोसलेला असतो. जपानच्या अर्थसाह्याने पुण्यात मुळा-मुठा शुद्धीकरणाची ९९० कोटी रुपयांची योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली. दररोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेची ११ केंद्रे त्यात होती. मंजुरीनंतर निविदा आणि जागांच्या घोळातच तिची पुढची अनेक वर्षे गेली.

मुंढवा येथून शहराचे प्रक्रिया केलेले पाणी बेबी कालव्यातून हवेली-दौंडच्या शेतीला देण्याची योजनाही अशीच. वर्षाला साडेसहा अब्ज घनफूट पाण्याचा हा व्यवहार. धरणाचे स्वच्छ पाणी शहराने ठेवावे आणि वापरलेले शेतीला द्यावे, यात तत्त्वतः काही गैर नाही. पण कालव्यात फेस आणि दुर्गंधी घेऊन आलेले पाणी पाहिलेल्या शेतकऱ्याला 'प्रक्रिया केलेले' हा शब्द थट्टेचा वाटतो.

आपल्याच चुलवाणातला धूर

या विषयावर लिहिताना गुऱ्हाळांचा उल्लेख टाळण्याची प्रथा पडली आहे, कारण तेथे आरोपी परका नसतो. केडगाव, यवत, राहू या दौंडच्या पट्ट्यात शेकडो गुऱ्हाळे आहेत. पूर्वी उसाचे वाळलेले चिपाडच काहिलीखाली जळत असे. पुढे चिपाड पुरेना किंवा विकणे परवडू लागले, तेव्हा चुलवाणात टायर, रेक्झिनचे तुकडे, चपलांचा चुरा आणि प्लॅस्टिक जाऊ लागले. बरीच गुऱ्हाळे भाड्याने दिलेली असल्याने मालक चालकाकडे बोट दाखवितो आणि चालक इंधनाच्या भावाकडे. काळा धूर शेजारच्या वस्तीवर, गोठ्यातल्या कडब्यावर आणि वाळत घातलेल्या धुण्यावर बसतो. तहसील कार्यालय व मंडळाने वेळोवेळी नोटिसा दिल्या, काही गुऱ्हाळे बंदही केली. हंगाम आला की धूर पुन्हा दिसतो. रसायन कारखान्याविरुद्ध एकमुखाने होणारा ग्रामसभेचा ठराव येथे सहसा होत नाही. भाऊबंदकीत आणि मतांच्या हिशेबात तो अडकतो.

आंदोलने कोठे थांबतात

तोच प्रकार वसाहतींभोवतीही वेगळ्या रूपात दिसतो. कारखान्याकडे गावाच्या मागण्या दोन असतात : घाण थांबवा आणि स्थानिकांना काम द्या. दुसरी मागणी रास्तच आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना नोकरी मिळालीच पाहिजे. मात्र नोकरीबरोबर कामगार पुरविण्याचा, भंगाराचा, टँकरचा, वाहतुकीचा ठेका येतो. ठेका मिळाला की निवेदनावरच्या सह्या कमी होतात, हे बहुतेक औद्योगिक वसाहतींच्या भोवती बातमीदाराला दिसते. प्रामाणिकपणे लढणारे शेतकरी, शिक्षक, महिला मंडळे यांची त्यामुळे दरवेळी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात होते.

जी आंदोलने यशस्वी झाली, त्यांतली दोन येथे आठवतात. गोव्यात फोंडा तालुक्यातील केरी येथे नायलॉन ६,६ चा थापर-ड्युपाँ प्रकल्प येऊ घातला होता. ग्रामस्थांच्या विरोधात जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक या तरुणाचा बळी गेला आणि प्रकल्प गोव्याबाहेर गेला. दुसरे तर शिरूरच्या शेजारच्याच खेड तालुक्यातले. चाकणजवळ शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकल कंपनीच्या संशोधन केंद्राला २००८ मध्ये विरोध झाला. युनियन कार्बाईड २००१ मध्ये डाऊने विकत घेतली होती, त्यामुळे भोपाळची आठवण गावात पोहोचली होती. माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील आणि बंडातात्या कराडकर यांच्यासह वारकरी त्यात उतरले. देहू-आळंदीच्या पाण्याचा प्रश्न म्हणून वारकऱ्यांनी तो हाती घेतल्यावर सरकारला तो निव्वळ 'विकासविरोधी' म्हणून झटकता आला नाही. २५ जुलै २००८ रोजी जमावाने बांधकामस्थळी जाळपोळ केली, हा त्या लढ्यावरचा डागही विसरता येत नाही. केंद्र तेथे झाले नाही.

दोन्ही ठिकाणी कारखाना उभा राहण्यापूर्वी लढा झाला. कुरकुंभ-रांजणगावात कारखाने आधी आले. समुद्रातील तेलविहिरींविरुद्धच्या लढ्यांशी तुलना केली, तर आणखी एक फरक जाणवतो. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ १९६९ मध्ये तेल पसरले, किंवा ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' जहाजातून गळती झाली, तेव्हा काळा तवंग साऱ्यांना दिसला, मच्छीमारांची जाळी काळी झाली. भूजलातल्या क्षारांचा तवंग नसतो. त्याचे छायाचित्र छापता येत नाही.

कायदा : अर्ज करणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा. या अधिनियमाच्या कलम २१ खाली सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला तेथेच सूचना द्यावी लागते, त्याने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, मोहोरबंद करून सह्या घ्याव्या लागतात. ही पद्धत चुकली, तर अहवाल न्यायालयात पुरावा ठरत नाही. ग्रामस्थांनी बाटलीत भरून आणलेले पाणी म्हणूनच खटल्यापुरते निरुपयोगी ठरते. तक्रारीला आधार म्हणून मात्र ते उपयोगी पडते. ग्रामपंचायतीच्या पाण्याची नेहमीची तपासणी प्रामुख्याने जंतू आणि साध्या क्षारांची असते. रासायनिक द्रावके शोधायची असतील, तर तशी मागणी अर्जात नाव घेऊन करावी लागते.

कारखान्याला दिलेल्या संमतिपत्रांची नोंदवही मंडळाने ठेवावयाची असून, हितसंबंधित व्यक्तीला ती पाहता येते. कोणाला किती उत्पादनाची परवानगी आहे, हे त्यातून कळते. नवीन प्रकल्पाची जनसुनावणी हे लोकांचे मोठे हत्यार. परंतु पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने मंजूर औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. त्यामुळे कुरकुंभसारख्या वसाहतीत रसायन कारखान्याचा विस्तार होत असताना शेजारच्या गावाला बोलण्याची जागा उरत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० चा असून त्याच्या पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. भरपाई आणि पर्यावरणाच्या पुनर्स्थापनेसाठीची मुदत पाच वर्षांची आहे. जल अधिनियमाखाली नागरिकाला स्वतः फौजदारी तक्रार करता येते, त्यासाठी साठ दिवसांची नोटीस मंडळाला द्यावी लागते. जनविश्वास अधिनियम २०२३ ने पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेच्या तरतुदींऐवजी मुख्यतः दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला असून, तो बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला.

सहा महिन्यांची मुदत निवेदने आणि आश्वासने यांच्यातच संपते, हा अनेक गावांचा अनुभव आहे. वासाची तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा, ओढ्याचा रंग, मंडळाला केलेल्या दूरध्वनीची नोंद हे सारे एका वहीत पहिल्या दिवसापासून लिहून ठेवले, तर पुढे वकिलाचे काम निम्मे होते. उपोषण सोडताना मिळालेल्या पत्रावर मात्र अधिकाऱ्याची सही, शिक्का आणि जावक क्रमांक आहे की नाही, हे लिंबू सरबताचा पेला हाती घेण्यापूर्वीच पाहून घ्यावे.